मान नको, तोंडानं सांग

गावात मी पोचायच्या आधी माझं नाक पोचतं. कळंबच्या पुढं फाट्यावर बस सोडली की मोहाच्या झाडांखाली सांडलेल्या फुलांचा गोड, जरा आंबूस वास येतो, आणि बंद पडलेल्या जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीपाशी सरकीचा तेलकट वास. जिन बंद होऊन जमाना झाला. पत्रे कोणी नेले, दारं कोणी नेली, पण वास काही कोणाला नेता आला नाही. भाच्यानं नवं घर बांधलं म्हणून यंदा चैत्रात गेले होते. जेवणं झाली, सगळे पंख्याखाली आडवे झाले आणि मी काठी घेऊन बाहेर पडले. माझ्या वयाच्या बाईनं उन्हात हिंडू नये असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. असू दे बापडं.

आमच्या पुऱ्यापुढच्या, म्हणजे वस्तीपुढच्या, मैदानाच्या अर्ध्या भागात आता सिमेंटचा विहार उभा आहे. उरलेल्या अर्ध्यात पोरं क्रिकेट खेळत होती. बॉल टाकायला एक पोरगी होती, नाकावर घाम, वेणी कमरेला खोचलेली.

"आजी, बाजूले सरका ना, लागन."

"लागू दे. ही जागा तुह्यापेक्षा माही जास्त हाय."

"काहून?"

"माहं लग्न मोडलं होतं अथी."

तिनं बॉल कपड्याला पुसला, माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "कोनं मोडलं?"

"म्याच."

ती हसली नाही की काही नाही. विहाराच्या ओट्याकडं बोट केलं, "तथी बसा, सावली हाय," म्हणाली आणि पुढचा बॉल टाकायला वळली. मी बसले. बसल्यावर मग काय, उठवतंय कोण.

नागपूरहून दीक्षा घेऊन आमची माणसं परत आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या दिवसांचा वास म्हणजे निळीचा आणि नव्या पांढऱ्या कापडाचा. घराघरांतले देव गठुळ्यात बांधून नदीत सोडले गेले. आमच्या भिंतीतली देवळी रिकामी झाली. सकाळी सडा-सारवण आटोपलं की माय सवयीनं त्या रिकाम्या देवळीपुढं हात जोडायची आणि मग जीभ चावायची. बा दातण चावत म्हणायचा, "राहू दे, जाईन हळूहळू." मग एक दिवस मायनं तिथं घासलेटची चिमणी ठेवली. हात जोडायचे थांबले. उजेड मात्र चांगला पडायला लागला.

लग्नांचं तर भलतंच झालं होतं. जुनी रीत सोडली होती आणि नवी कोणालाच धड ठाऊक नव्हती. अंतरपाट नाही, भटजी नाही, हळद लावायची की नाही यावर पुऱ्यात दोन तट. अक्षतांऐवजी फुलं टाकायची एवढं पक्कं झालं होतं, म्हणून बायका आदल्या दिवशी पळसाची फुलं टोपलीभर तोडून आणायच्या आणि दुपारपर्यंत ती मलूल होऊन जायची. पांढऱ्या लुगड्यातली नवरी, पांढऱ्या धोतरातला नवरा, आणि मेणबत्त्या पुन्हा पुन्हा विझवणारा वारा. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं की पुढं काय, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघायचे. एका लग्नात एक म्हातारा सवयीनं "सावधान" ओरडला, बाजेवाल्यांनी बिचाऱ्यांनी तेच खरं धरून वाजवायला घेतलं आणि हार नवरानवरीच्या हातातच राहिले. त्या सगळ्या गोंधळात पुढं होऊन उभी राहिली ती सुभद्रामावशी.

ती कोणाची सख्खी मावशी नव्हती, साऱ्या पुऱ्याची होती. नवरा लवकर गेलेला, वसंता नावाचा एकुलता एक मुलगा, आणि जिनात कापूस घालायचं काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा कापसाचं तूस असायचं. उंच, काटकुळी बाई. जिनाच्या घरघरीत बोलून बोलून आवाज चढला तो कायमचा. शाळा चौथीपर्यंत. नागपूरला बायकांच्या बैठकीत तिनं 'घटना' हा शब्द ऐकला आणि तो तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. यवतमाळच्या एका वकिलाच्या मागे लागून तिनं मूलभूत हक्कांचं एक पातळ मराठी पुस्तक मिळवलं. इतवारी जिनाला सुट्टी असली की कडुनिंबाखाली बाया जमवायची. बोट ठेवून वाचायची, अडखळायची, मग पुस्तक मांडीवर पालथं घालून आपल्या बोलीत सांगायची.

"आपल्या बापानं लिहून ठेवलं हाय. बाई हाय म्हून सरकारले तुले कमी लेखता येत नाही. आता सरकारले येत नाही, तं तुह्या सासऱ्याले कसं येईन?"

बाया पदरात हसायच्या. कोणीतरी म्हणायची, "सासऱ्याले वाचता कुठी येते, मावशी?"

"तं तू शीक अन् वाचून दाखव त्याले."

निंबोळ्या टपटप पडायच्या, लेकरं पदराशी झोंबायची, आणि मावशी कलम, हक्क, समानता असले जड शब्द भाजी निवडावी तसे एकेक हातात घेऊन निवडायची. मी मायच्या कुशीला टेकून ऐकायची. अर्धं कळायचं नाही. पण ती बोलत असताना बायांच्या पाठी ताठ व्हायच्या, ते मला दिसायचं.

तिनं पहिल्यांदा विचारलं ते शेजारच्या जनाकाकूच्या मोठ्या मुलीच्या लग्नात. पंचशील झालं, हार हातात आले, आणि मावशी मधेच उभी राहिली. "थांबा. या पोरीले कोनी इचारलं काय?" मग नवरीकडं वळून म्हणाली, "तुले हे लग्न पसंत हाय काय?"

मांडवात नवरीनं बोलायचं म्हणजे काय? पोरगी शरमेनं अर्धी झाली. तिनं जमिनीकडं बघत मान हलवली.

"मान नको, तोंडानं सांग. मान तं बैलबी हलवते."

नवऱ्याकडचा एक जण कुरकुरला, "हे तं मुसलमानाईची रीत झाली. त्याईचा काजी इचारते."

"मंग त्याईनं चांगलं केलं," मावशी म्हणाली. "चांगलं दिसलं तं घ्यावं माणसानं. तुहा कापूस बाजारात त्याईच्याच गाडीनं जाते ना?"

शेवटी त्या पोरीच्या तोंडून "हो" निघालं. मावशी म्हणाली, मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा तिनं पुन्हा "हो" म्हटलं, चांगलं खणखणीत, आणि डफड्यावर काडी पडली. जनाकाकू रडली. नंतर कित्येक दिवस ती विहिरीवर सांगायची की माही पोरगी मांडवात बोलली.

त्याची रीतच पडली हो. लग्न ठरलं की आधी बाजेवाला ठरवायचा आणि मग सुभद्रामावशीला सांगून यायचं. एस.टी.नं, खाचरातून म्हणजे छोट्या बैलगाडीतून, कधी पायी, ती कळंबच्या अलीकडं-पलीकडं फिरायची, तिकडं केळापूरपर्यंत जायची. एकदा तर पार फुलसावंगीला जाऊन आली. तिथल्या तांड्यावरच्या बाया आरशांच्या ओढण्या सावरत मांडवाच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या म्हणे, आणि जाताना एकीनं तिचा हात धरून विचारलं, "आमच्या नायकाले बी सांगतं का?" नायक म्हणजे त्यांच्या तांड्याचा पुढारी. हे सांगताना मावशीचा चेहरा बघण्यासारखा असायचा. जिनात मुकादमाशी भांडून ती सुट्टी घ्यायची. मजुरी कापली जायची. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही.

आणि घराघरांत तयारी सुरू झाली. जात्यावर, विहिरीवर, पोळ्या लाटताना आया आपल्या मुलींना शिकवायच्या, "मांडवात इचारलं का हो म्हनजो. जोरानं म्हनजो. लाजू नोको." आम्ही पोरी खेळातसुद्धा तेच खेळायचो. एक मावशी व्हायची, एक नवरी व्हायची, आणि "हो" असं ओरडायचं की झाडावरच्या चिमण्या उडाव्यात. आम्हाला वाटायचं की यातच सगळी मौज आहे.

केळापूरकडच्या एका लग्नाला मी आणि माय तिच्यासोबत खाचरातून गेलो होतो. मावशी उभी राहिली, पदर सावरला, आणि तिनं तोंड उघडायच्या आत नवरीनं "हो" म्हणून टाकलं. सारा मांडव हसला. नवरी पण हसली. मावशी हसली नाही.

परतीच्या वाटेवर बैलांचे घुंगरू वाजत होते. मावशी मायला म्हणाली, "वच्छले, आपुन पोपट पाळले."

"अवं, बोलतात तं पोरी," माय म्हणाली. "आधी तेबी नोतं."

"नाही म्हनाची सोयच नाही, तं मी इचारतो कायले? तिले हो च म्हनाचं हाय, तिच्या मायनं शिकवलं हाय, मले बी ठाऊक हाय. मंग हे नाटकच झालं ना."

वाटेत नदी लागली. तिनं खाली उतरून तोंडावर पाणी मारलं आणि तशीच ओल्या तोंडानं येऊन बसली. त्या दिवसापासून तिचा प्रश्न लांबला. "हो म्हन का नाही म्हन, दोन्ही चालते," असं ती शेवटी जोडायला लागली. लोकांना वाटलं, बोलायची एक ढब आहे.

मग मी सतरा-अठराची झाले, आणि त्याच मावशीनं वसंतासाठी मला मागितलं.

बाला आभाळ ठेंगणं झालं. सुभद्राबाईच्या घरात पोरगी देणं म्हणजे आमच्या पुऱ्यात मानाची गोष्ट. वसंता यवतमाळला सायकलच्या दुकानात कामाला होता, शनिवारी गावी यायचा, यायच्या आधी त्याची शीळ यायची. तो वाईट होता असं मी म्हटलं तर माझी जीभ झडेल. साखरपुड्याचा कुंद उन्हाळा, आंगणात वाळत घातलेल्या शेवया, कोरं पांढरं लुगडं, सगळं आठवतं. आणि माय चुलीपाशी माझा धडा घेऊ लागली. "इचारलं का हो म्हनजो." नेमकी मावशी दारात आली होती.

"वच्छले, शिकवू नको तिले. माह्या घरचं लग्न हाय. निदान हे तं खरं होऊ दे."

"तं काय नाही म्हनन काय ते?"

दोघी खूप हसल्या. मी भाकरी थापत होते. मीही हसले.

लग्न इथंच लागलं, म्हणजे लागायला घेतलं. मांडवावर जांभळाचे डहाळे होते, खाली शिंपलेल्या मातीचा वास, चुलाणावर वांगं-आलूची भाजी रटरटत होती आणि बुंदीच्या परातीवर ओलं फडकं टाकलेलं होतं. मावशी समोर उभी राहिली. नवऱ्याची आई ती, त्या दिवशी तिनं मिरवावं, पण तिनं रोजच्यासारखाच पदर खोचला होता.

"तुले हे लग्न पसंत हाय काय? हो म्हन का नाही म्हन, दोन्ही चालते."

आता काय सांगू. तोवरच्या माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी काही विचारलंच नव्हतं. विचारल्यावर मी पहिल्यांदा आत पाहिलं, तर तिथं हो नव्हतं. का नव्हतं ते तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. शिकवलेलं हो जिभेवर तयार होतं. पण ती बाई माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं.

चुलाणावरचा बुडबुडा ऐकू यायला लागला. मग बाचा आवाज आला, "पोरगी भेदरली हाय. पुन्हा इचारा तिले."

मावशीनं मांडवाची मेढ धरली होती. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. तिचा हक्कच होता.

"पुन्हा कायले?" ती म्हणाली. "हो म्हनली असती तं पुन्हा इचारलं असतं काय?"

वसंताचा मामा उठला. "मंग काहून नाही, ते तं सांगन का नाही? माह्या भाच्यात काय खोट हाय?"

"इतक्या पोरी आजवर हो म्हनल्या. एकीले तरी काहून म्हून इचारलं कोनी? तं हिलेबी इचाराचं नाही."

बा हात उगारून माझ्याकडं आला. मावशी मधे आली. एवढी मोठी बाई नव्हती ती अंगानं, पण त्या वेळी तिच्या पलीकडचं मला काहीच दिसेना. "हात उचलाचा असन तं आधी माह्यावर उचल," ती हळूच म्हणाली. बाचा हात खाली आला. मग ती मुलाकडं वळली. "ऊठ, बापू."

वसंता उठला. त्यानं गळ्यातलं उपरणं काढून नीट घडी केलं, आईकडं पाहिलं आणि म्हणाला, "माय, बुंदी वाया जाईन." एवढंच. मी त्याला नंतर कधी विसरले नाही ते या एका वाक्यासाठी. पंगती बसल्या. मावशी स्वतः परात घेऊन फिरली आणि तिनं पहिली मूठ बाच्या पत्रावळीवर वाढली. बा मान खाली घालून जेवला.

पण गाव काही बुंदी खाऊन गप्प बसत नाही. बा माझ्याशी बोलेनासा झाला. विहिरीवर मी गेले की बाया दोर आवरायच्या. वसंता यवतमाळला गेला तो महिनोन्महिने फिरकला नाही, आणि एकट्या मावशीच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा कधी यायचा, कधी यायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिला लग्नांना बोलवणंच बंद झालं. "तिले बलावलं का मांडव मोडते," असं लोक उघड म्हणायला लागले. निंबाखाली इतवारी दोन-तीन बाया यायच्या, मग त्याही येईनात. मावशी एकटीच पुस्तक मांडीवर घेऊन बसायची. मी दाराच्या फटीतून बघायची. माझ्या एका नाहीपायी या बाईनं एवढ्या वर्षांत उभं केलेलं सगळं बसलं, आणि ती मला तसं बोलूनही दाखवत नाही, हे मला दिवसरात्र खायचं.

"मंग थे बुढी तुमच्यावर खेकसली नाही?" मैदानावरची पोरगी आता माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिचा डाव संपला होता, आणि मी कधी मोठ्यानं बोलायला लागले ते माझं मलाच कळलं नव्हतं. विहाराच्या फरशीवर माझ्या काठीची सावली लांब झाली होती. आता लग्नं रस्त्यावरच्या हॉलमध्ये होतात, प्रतिज्ञा माइकवरून दोघांकडून म्हणवून घेतात, आणि कॅमेरावाला मधे उभा असतो. कोणाला ती बाई आठवत नाही. मी पुढं कितीतरी वर्षं तिच्या मागे फिरले. बायांच्या सभा केल्या, ग्रामपंचायतीत बाया बसाव्यात म्हणून भांडले, जिनाच्या फाटकापुढं ठिय्या दिला, आणि मोठमोठी भाषणं करणारे पुष्कळ पाहिले. आपल्या घराची राखरांगोळी होत असताना आपल्याच शब्दाला जागणारं माणूस मात्र मी ते एकच पाहिलं. तसं मी त्या पोरीला सांगितलं. मग पुढचं सांगितलं.

पुढच्या वर्षी पळस फुलला तेव्हा मावशी आमच्या दारात आली. माय हातातलं सूप टाकून उठली. बा ओसरीवर विडी ओढत होता, तो तसाच राहिला.

"वच्छले, पोरगी दे मले."

मायचा चेहरा पांढरा पडला. "पुन्हा, सुभद्राबाई?"

"वसंतासाठी नाही. कामासाठी." मग ती माझ्याशी बोलली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "कळंबच्या तिकडं माह्या मामेबहिणीच्या घरी लग्न हाय. नात्याची हाय म्हून नाही म्हनू शकली नाही मले. पन माह्यापुढं पोरी मायनं शिकवलेलंच म्हनतात. तू नाही म्हनून बसली हाय अन् अजून जित्ती हाय, हे पाहू दे त्या पोरीले. चालतं का?"

आणि उत्तरासाठी ती थांबली. मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं विडी झटकली, पण अडवलं नाही. मी "हो" म्हटलं.

कळंबच्या त्या घरी आदल्या दुपारी मी नवरीपाशी बसले. मागच्या परसात गोठ्याच्या सावलीला आम्ही दोघी पळसाच्या पाकळ्या सुट्या करत होतो. बोटं केशरी झाली होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "थे लग्न मोडनारी पोरगी तूच ना वं?"

"मीच."

"मारलं काय तुले?"

"नाही. मारू देलं नाही."

"कोनं?"

मी अंगणाकडं बोट केलं. सुभद्रामावशी रांजणात पाणी ओतत होती, कमरेला पदर, दंडावर ओघळलेलं पाणी.

"थे? तिचाच पोरगा होता ना?"

"तिचाच. अन् मले इथं तिनंच आनलं."

तिनं हातातली पाकळी टोपलीत टाकली नाही. मावशी रिकामी घागर घेऊन पुन्हा विहिरीकडं जाईपर्यंत ती तिच्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मांडवात मावशीनं विचारलं, आणि नवरी बोललीच नाही. बाजेवाल्यांनी काड्या उचललेल्या तशाच धरल्या. तिची आई ओठांच्या खुणेनं "हो, हो" सांगत होती. माणसं चुळबुळायला लागली, एक जण माझ्याकडं रागानं बघत होता. मावशीनं माझं मनगट धरलं होतं. तेव्हा त्या पोरीनं मान वर केली. सगळ्यांदेखत नवऱ्याकडं वळून तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. बिचारा घामानं भिजला. सावकाश, स्वतःशीच काही ठरवल्यासारखी, ती म्हणाली, "हो."

हलकंच म्हणाली. मागं बसलेल्यांना ऐकूही गेलं नसेल. पण मावशीनं पुन्हा म्हणायला लावलं नाही. तिचे डोळे भरून आले होते. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "पोरी, इतक्या वर्साचं हे पहिलं हो हाय."

मग तिनं डोळे पुसले आणि बाजेवाल्यांना हात केला.